उतारवयातील हात आणि पिकलबॉलचे पॅडल : आरे परिसराच्या निमित्ताने एक ऐतिहासिक विवेचन

१. विषयप्रवेश

साधनांचा इतिहास लिहिताना ते कोणी घडविले आणि कशाचे घडविले या दोन प्रश्नांवर आपल्याकडे बहुतेक भर दिला जातो. ज्या हाताने ते धरले त्या हाताचे पुढे काय झाले, हा तिसरा प्रश्न क्वचितच विचारला जातो. प्रस्तुत लेखात हा तिसरा प्रश्न एका अगदी साध्या दिसणाऱ्या साधनाच्या संदर्भात विचारावयाचा आहे. ते साधन म्हणजे पिकलबॉल या खेळाचे पॅडल.

हा खेळ १९६५ साली अमेरिकेत जन्मला आणि चालू शतकात मुंबईच्या उपनगरांत रुजला. मैदान लहान, चेंडू हलका आणि धावपळ बेताची, यामुळे टेनिस अथवा बॅडमिंटन सोडावे लागलेल्या उतारवयातील स्त्रीपुरुषांना तो जवळचा वाटतो. परंतु याच खेळाडूंपैकी काहींचे कोपर, काहींचा खांदा, तर काहींच्या अंगठ्याचे मूळ दुखू लागते. अशा वेळी 'सांध्यांना सोसेल असे' पॅडल घ्यावे, म्हणजेच हलके पॅडल घ्यावे, असा सल्ला सर्रास ऐकू येतो. या सल्ल्यामागे 'हलके ते हितकर' हे गृहीत आहे. ते कितपत टिकते हे पाहण्यासाठी पॅडलचा इतिहास आणि हाताच्या दुखण्याचा इतिहास असे दोन प्रवाह एकत्र तपासावे लागतात. ते तपासले असता असे दिसून येते की, 'सांधा' नावाची एकच वस्तू नाही. कोपर, खांदा आणि अंगठा यांच्या मागण्या परस्परांशी भांडतात. आणि पॅडलमध्ये जे मोठे बदल झाले त्यांच्या मुळाशी बहुधा या तिहींपैकी एकाचाही विचार नव्हता.

२. आरे : धार काढणारा हात

विवेचनाचा प्रारंभ आरे वसाहतीपासून करण्यास कारण आहे. मुंबई शहरात विखुरलेले म्हशींचे तबेले नागरी वस्तीबाहेर न्यावेत आणि शहराला शुद्ध दूध मिळावे, या हेतूने गोरेगावच्या पूर्वेस १९४९ साली ही वसाहत स्थापन झाली. १९५१ साली पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले. या योजनेचे प्रवर्तक दुग्ध आयुक्त दारा खुरोडी यांना १९६३ साली त्रिभुवनदास पटेल व व्हर्गीस कुरियन यांच्यासमवेत मॅगसेसे पुरस्कार मिळाला. सुमारे १,२८७ हेक्टरांच्या या भूमीवर शासनाने तबेले बांधले, म्हशी परवानाधारक मालकांच्या राहिल्या आणि धार काढण्याचे काम हाताने होत राहिले.

धार काढणाऱ्याची मूठ दिवसातून हजारो वेळा आवळते व सुटते. मूठ आवळण्याचे काम बोटे वळविणाऱ्या स्नायूंचे आहे, अशी सामान्य समजूत असते. वस्तुतः त्याच वेळी मनगट आत वळू नये म्हणून ते उलट दिशेने ताणून धरणारे स्नायूही तितक्याच निकराने काम करीत असतात. हे स्नायू कोपराच्या बाहेरील उंचवट्यावर एका लहानशा जागी कंडरेने जोडलेले आहेत. म्हणूनच धार काढणे, ओले कपडे पिळणे, पेचकस फिरविणे, पोळपाटावर कणीक रेटणे आणि बॅट धरणे ही कामे दिसावयास निरनिराळी असली तरी कोपराच्या दृष्टीने एकाच कुळातली ठरतात.

या दुखण्याला मिळालेले नाव मात्र या कुळाची साक्ष देत नाही. १८७३ साली रुंगे या जर्मन वैद्याने त्याचे वर्णन केले ते लेखकांच्या हाताला येणाऱ्या पेटक्यांच्या संदर्भात. १८८२ साली हेन्री मॉरिस यांनी 'लॅन्सेट' या नियतकालिकात 'लॉन टेनिसचा हात' असा शब्दप्रयोग केला, आणि १८८३ साली मेजर यांच्या लेखात तो 'लॉन टेनिसचे कोपर' असा स्थिरावला. तेव्हा लॉन टेनिस हा खेळ जेमतेम दहा वर्षांचा होता. कपडे पिळणे व धार काढणे ही कामे मात्र मानवी संसाराइतकी जुनी होती. दुखणे जुने आणि नाव नवे, याचा अर्थ इतकाच की, ज्या वर्गाचे दुखणे वैद्यांच्या टिपणवहीत शिरले त्या वर्गाच्या खेळाचे नाव त्याला चिकटले. याची नोंद येथे केवळ सामाजिक कुतूहल म्हणून केलेली नाही. रोगाला खेळाचे नाव मिळाले की उपाय खेळाच्या साधनात शोधण्याची प्रवृत्ती होते. तबेल्यातील माणसाला म्हशीचा सड बदलून मिळत नाही. त्याला मूठ, वेळ आणि विश्रांती यांचाच विचार करावा लागतो. पॅडल विकत घेऊ शकणारा मनुष्य नेमका हाच विचार टाळू शकतो.

३. पुण्याचे अंगण, बेनब्रिजची फळी

पिकलबॉलचे मैदान ४४ फूट लांब व २० फूट रुंद असते. हे माप बॅडमिंटनच्या दुहेरी मैदानाचेच आहे आणि हा योगायोग नव्हे. बॅडमिंटनचा पूर्वेतिहास आपल्या परिचयाचा आहे. एकोणिसाव्या शतकात पुण्याच्या लष्करी छावणीत इंग्रज अधिकारी हा खेळ खेळत आणि काही काळ तो 'पूना' या नावानेही ओळखला जाई. पुढे अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातील बेनब्रिज बेटावर १९६५ च्या उन्हाळ्यात जोएल प्रिचर्ड आणि बिल बेल यांनी घरच्या मुलामाणसांना गुंतवून ठेवण्यासाठी बॅडमिंटनच्या जुन्या मैदानावर टेबल टेनिसच्या फळ्या व छिद्रांचा प्लास्टिकचा चेंडू घेऊन एक खेळ मांडला. त्या फळ्या पुऱ्या पडेनात, तेव्हा बार्नी मॅकॅलम यांनी प्लायवुड कापून मोठ्या फळ्या तयार केल्या. पिकलबॉलचे पहिले पॅडल ते हेच. १९७२ साली या साहित्याच्या विक्रीसाठी कंपनी निघाली.

प्लायवुडचे पॅडल टिकाऊ व स्वस्त होते, पण जड होते. यातील पहिला मोठा बदल १९८४ साली झाला. बोइंग या विमान कंपनीतील अभियंता आर्लेन परांटो यांनी विमानाच्या तक्तपोशीसाठी वापरले जाणारे, मधमाशीच्या पोळ्यासारख्या षट्कोनी घरांचा गाभा असलेले फलक कापून पॅडल बनविले. आजचे जवळजवळ प्रत्येक पॅडल याच कल्पनेचा वंशज आहे : मध्ये पोळ्यासारखा गाभा आणि दोन्ही बाजूंस पातळ, कठीण आवरण. पुढे गाभ्याचे द्रव्य बदलत गेले. प्रथम अ‍ॅरामिड तंतूंचा कडक कागद, नंतर अ‍ॅल्युमिनियम आणि शेवटी पॉलिप्रॉपिलिन. आवरणही फायबरग्लासकडून कार्बन तंतूंकडे सरकले.

या क्रमाची कारणे पाहण्यासारखी आहेत. विमानाचा फलक हलका व ताठ असतो तो इंधन वाचावे म्हणून. पॉलिप्रॉपिलिनच्या गाभ्याचे एक मोठे आकर्षण आवाज कमी होणे हे होते, कारण घरांना लागून असलेल्या मैदानांवरील टकटक शेजाऱ्यांच्या तक्रारींचा विषय झाली होती. कार्बनचे खरबरीत आवरण आले ते चेंडूला फिरकी देता यावी म्हणून. वजन, आवाज व फिरकी या तीन हेतूंनी पॅडल घडले. हाताला त्यातून काही लाभ झाला असेल तर तो आनुषंगिक होय.

४. मुंबईतील आगमन

भारतात या खेळाचा प्रसार करण्याचे श्रेय सुनील वालावलकर यांना दिले जाते. १९९९ साली कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात त्यांनी हा खेळ पाहिला. २००६ च्या सुमारास थोडी पॅडले व चेंडू आणून त्यांनी मुंबईत तो सुरू केला. आणि २००८ साली अखिल भारतीय पिकलबॉल संघटना स्थापन झाली. मुंबईसारख्या जागेच्या टंचाईच्या शहरात खेळ पसरण्यास नवे मैदान लागले नाही, ही गोष्ट निर्णायक ठरली. गृहनिर्माण संस्थांच्या अंगणात बॅडमिंटनच्या पांढऱ्या रेघा पूर्वीच आखलेल्या होत्या. जाळे बाजूस ३६ व मध्यभागी ३४ इंचांवर उतरविले की काम भागत असे. पुण्यातून निघालेले अंगण अशा रीतीने शतकाहून अधिक काळाने, अटलांटिकपलीकडील वळसा घेऊन, गोरेगाव-मरोळकडे परत आले.

आरेच्या सावलीतील रस्त्यांवर पहाटे फिरावयास येणारा जो निवृत्त वर्ग आहे, तोच वर्ग आसपासच्या संस्थांच्या अंगणांत या खेळाकडे वळण्याजोगा आहे. चालण्याने गुडघे व हृदय यांस व्यायाम होतो. मूठ, मनगट व खांदा यांस तो होत नाही. वर्षानुवर्षे केवळ चालण्याची सवय असलेला हात एकाएकी तासाला शेकडो फटके मारू लागतो, तेव्हा दुखणे उद्भवल्यास त्याचा दोष केवळ पॅडलला देणे न्याय्य नाही. तथापि पॅडलचा वाटा किती हे ठरविता येते.

५. वजनाचा वाद

नियमांनुसार पॅडलची लांबी १७ इंचांहून अधिक असू नये आणि लांबी व रुंदी यांची बेरीज २४ इंचांपेक्षा अधिक असू नये. वजनावर मात्र बंधन नाही. बाजारातील बहुतेक पॅडले २०० ते २४० ग्रॅम या टापूत येतात. चेंडू सुमारे २५ ग्रॅमचा असतो. टेनिसमध्ये ५८ ग्रॅमच्या चेंडूला सुमारे ३०० ग्रॅमची रॅकेट भिडते, म्हणजे प्रमाण १ : ५ पडते, येथे ते १ : ९ च्या आसपास आहे. तेव्हा एकेका फटक्याचा धक्का टेनिसपेक्षा पुष्कळ सौम्य असावयास हवा, आणि तो असतोही. मग कोपर का दुखते? याची कारणे तीन सांगता येतील. पॅडलला तारा नसल्याने चेंडूशी होणारा स्पर्श अत्यल्प काळाचा व कठीण असतो. जाळ्याजवळचे हलके फटके मनगटाने मारले जातात. आणि मैदान लहान असल्यामुळे फटक्यांची संख्या वाढते. कंडरेची झीज बहुधा एका मोठ्या आघाताने होत नाही, विश्रांतीविना साचत गेलेल्या लहान आघातांनी होते. रॉबर्ट नर्शल यांनी १९७९ साली आपल्या सहकाऱ्यासमवेत दाखवून दिले की, या रोगात कंडरेचा दाह नव्हे, तर तिच्या तंतूंचा ऱ्हास हे मुख्य लक्षण आहे.

आता 'हलके ते हितकर' हे सूत्र तपासू. पॅडल मोकळे आहे आणि चेंडू त्याच्या गुरुत्वमध्यावर आदळतो असे मानले, तर पॅडलला बसणाऱ्या मागच्या झटक्याचा वेग चेंडूच्या वस्तुमानाचे एकूण वस्तुमानाशी जे प्रमाण असेल त्यावर अवलंबून राहतो. २०० ग्रॅमच्या पॅडलसाठी ते २५ भागिले २२५, तर २४० ग्रॅमच्या पॅडलसाठी २५ भागिले २६५. म्हणजे हलक्या पॅडलचा झटका सुमारे १८ टक्के अधिक वेगाचा. शिवाय हलक्या पॅडलने चेंडू तितकाच दूर पाठवावयाचा तर हात अधिक वेगाने फिरवावा लागतो आणि मूठ अधिक आवळली जाते. कोपराच्या दृष्टीने अतिहलके पॅडल हितकर नाही, असाच याचा निष्कर्ष आहे.

पण खांद्याचा न्याय वेगळा आहे. डोक्यावरून मारावयाच्या फटक्यात २४० ग्रॅमचे पॅडल उचलताना २०० ग्रॅमच्या पॅडलपेक्षा एक पंचमांश अधिक वजन पेलावे लागते. उतारवयात खांदा फिरविणाऱ्या स्नायूंच्या कंडरा बहुधा आधीच विरलेल्या असतात. त्यांना हे अधिक वजन जाणवते. येथे वजनाच्या आकड्यापेक्षा ते कोठे आहे हे अधिक महत्त्वाचे ठरते. फिरत्या वस्तूचा जडपणा अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. मनगटापासून ३५ सेंटिमीटरवर, म्हणजे पॅडलच्या टोकाशी, दहा ग्रॅमची शिशाची पट्टी चिकटविली तर फिरविताना ती १५ सेंटिमीटरवर चिकटविलेल्या तशाच पट्टीच्या साडेपाचपट जड भासते. म्हणून मध्यम वजनाचे, परंतु डोके जड नसलेले पॅडल हा कोपर व खांदा यांच्यातील समेट होय. २१० ते २३० ग्रॅम हा टापू त्या दृष्टीने विचारात घेण्याजोगा आहे.

६. मुठीचा वाद

मुठीच्या जाडीसंबंधी टेनिसमध्ये दीर्घकाळ नर्शल यांचेच माप प्रमाण मानले गेले. तळहातावरील आडव्या रेघेपासून अनामिकेच्या टोकापर्यंतचे अंतर मोजावे आणि मुठीचा परीघ तितका ठेवावा, असा त्यांचा नियम. २००६ साली हॅच व त्यांच्या सहकाऱ्यांनी सोळा महाविद्यालयीन खेळाडूंच्या हाताच्या स्नायूंची क्रिया विद्युत्‌मापनाने तपासली. नियमापेक्षा पाव इंच कमी वा पाव इंच अधिक परीघ ठेवूनही स्नायूंच्या क्रियेत लक्षणीय फरक आढळला नाही. यावरून नियम निरर्थक ठरला असे मात्र म्हणता येत नाही. ते खेळाडू तरुण, निरोगी व कसलेले होते. संधिवाताने अंगठ्याचे मूळ झिजलेल्या हातासाठी हा निष्कर्ष जसाच्या तसा उचलता येणार नाही.

अंगठ्याच्या मुळाचा सांधा चिमटीच्या जोराने दुखावतो. बारीक दांडा घट्ट धरण्यासाठी चिमूट अधिक आवळावी लागते. म्हणूनच संधिवाताच्या रुग्णांना चमचे, सुऱ्या व लेखण्या यांच्या मुठी जाड करून देण्याची पद्धत व्यवसायोपचारात रूढ आहे. पॅडलची मूठ सामान्यतः ४ ते साडेचार इंच परिघाची असते. तिच्यावर पट्टी गुंडाळून जाडी थोडी थोडी वाढविता येते. मूळची जाड मूठ बारीक करणे मात्र कठीण. तेव्हा शंका असल्यास किंचित बारीक मूठ घेऊन ती हाताला बेतावी, हे व्यवहार्य.

कोकणपट्टीच्या हवामानाचाही येथे विचार केला पाहिजे. जून ते सप्टेंबर आरे व गोरेगावच्या हवेत ओलावा भरून असतो आणि त्यापुढच्या महिन्यांतही तळहाताला घाम सुटतो. ओली मूठ निसटू लागली की हात आपोआप ती अधिक आवळतो, आणि आवळलेली मूठ पॅडलचा कंप कोपरापर्यंत अधिक पोहोचविते. थोड्या पैशांची घाम शोषणारी पट्टी वेळेवर बदलणे हे महाग पॅडल घेण्यापेक्षा आपल्या हवेत अधिक गुणकारी ठरू शकते.

७. गाभा, कंप आणि आकार

मऊ गाभा व जाड पॅडल हे कोपराचे मित्र, असे मानले जाते. १६ मिलिमीटर जाडीचे पॅडल १३ मिलिमीटरच्या पॅडलपेक्षा चेंडू शांतपणे परतविते, हा सामान्य अनुभव आहे. परंतु 'मऊ ते सुखद' हे सूत्रही सरसकट मानू नये. १९९२ साली हेनिग व सहकाऱ्यांनी टेनिसच्या रॅकेटचा कंप हातात किती उतरतो याचे मापन केले. मध्यभागाबाहेर लागलेल्या चेंडूने हातातील कंप जवळजवळ तिप्पट होतो, कसलेल्या खेळाडूंच्या हातात तो कमी उतरतो, आणि मोठे डोके व उच्च कंपनसंख्या असलेल्या, म्हणजे ताठ, रॅकेटने तो घटतो, असे त्यांना आढळले. २००४ सालच्या दुसऱ्या एका अभ्यासात तारांवर बसविण्याच्या कंपरोधक गुटिका हातात जाणारा कंप कमी करीत नाहीत, असे दिसून आले. त्या तारांचा निनाद तेवढा थांबवितात. हाच इशारा पॅडललाही लागू आहे : आवाज कमी झाला म्हणून धक्का कमी झाला असे नव्हे. कान आणि कोपर यांची साक्ष निरनिराळी असते.

हेनिग यांच्या निष्कर्षातून अधिक उपयुक्त असा एक धागा निघतो. धक्क्याचे प्रमाण प्रामुख्याने चेंडू मध्यभागी लागतो की नाही यावर ठरत असेल, तर ज्या पॅडलचा उपयुक्त मध्यभाग मोठा ते अधिक सुखकर. येथे २४ इंचांच्या बेरजेचा नियम आडवा येतो. पॅडल लांब केले की तितकी रुंदी घटते. साडेसोळा इंच लांबीच्या पॅडलला साडेसात इंचच रुंदी उरते, तर सोळा इंचांचे पॅडल आठ इंच रुंद असू शकते. लांबट पॅडल स्पर्धेतील तरुणांना पल्ला व जोर देते. त्याचे डोके मात्र मुठीपासून दूर जाते आणि मध्यभाग अरुंद होतो. उतारवयातील हाताला रुंद व आखूड पॅडल दोन्ही परींनी सोयीचे. विक्रेत्याकडे 'सांध्यांसाठी' असे लेबल शोधण्यापेक्षा मोजपट्टीने रुंदी मोजणे अधिक शहाणपणाचे होय.

८. निवडीचा क्रम

वरील विवेचनातून निवडीचा क्रम असा लागतो. प्रथम कोणता सांधा दुखतो हे ठरवावे. कोपर दुखत असेल तर अतिहलके पॅडल टाळावे, रुंद व जाड पॅडल घ्यावे आणि मूठ सैल धरण्याचा सराव करावा. खांदा दुखत असेल तर वजनाच्या खालच्या टोकाकडे झुकावे, डोके हलके आहे ना ते पाहावे आणि डोक्यावरचे फटके कमी करावेत. अंगठा दुखत असेल तर मुठीची जाडी व पकड यांना प्राधान्य द्यावे, वजन दुय्यम. दोन सांधे एकाच वेळी दुखत असतील तर अधिक दुखणाऱ्याचे ऐकावे. पॅडल विकत घेण्यापूर्वी कोणाचे तरी उसने घेऊन निदान दोनतीन दिवस खेळावे आणि निर्णय खेळताना काय वाटले यावर न करता दुसऱ्या दिवशी सकाळी काय वाटते यावर करावा. कारण कंडरेची तक्रार बहुधा उशिरा येते. दुखणे आठवड्यांनी टिकून राहिले, हात बधिर होऊ लागला अथवा वस्तू हातून निसटू लागल्या, तर पॅडलचा विचार सोडून वैद्याकडे जावे.

९. समारोप

पॅडलकडून काय अपेक्षू नये हेही सांगितले पाहिजे. अमेरिकेतील रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांत २०१० ते २०१९ या काळात आलेल्या ज्येष्ठ पिकलबॉल खेळाडूंच्या दुखापतींचा जो अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला, त्यात निम्म्याहून अधिक दुखापती घसरून, अडखळून वा पडून झाल्याचे आढळले. मनगट मोडणे हे पॅडलचे काम नव्हे, ते ओल्या फरशीचे व चुकीच्या पादत्राणांचे. पावसाळ्यातील शेवाळलेल्या अंगणात उत्तमोत्तम पॅडलही निरुपयोगी ठरते.

दीडशे वर्षांच्या या इतिहासात साधन लाकडापासून कार्बनपर्यंत पोहोचले, पण कोपराची ती लहानशी जागा होती तशीच राहिली. तिला टेनिसचे नाव मिळाल्याने आपण तिचा इलाज दुकानात शोधू लागलो. आरेच्या तबेल्यातील मुठीकडे पाहिले असते तर मूळ गोष्ट आधीच ध्यानात आली असती : किती जोराने धरावे, किती वेळ धरावे आणि केव्हा सोडावे. योग्य पॅडल या तीन प्रश्नांची उत्तरे सोपी करते. त्यांची उत्तरे ते देत नाही. उतारवयात खेळ सुटणे म्हणजे केवळ करमणूक सुटणे नव्हे, तर घराबाहेर पडण्याचे व चार माणसांत मिसळण्याचे कारणच सुटणे होय. म्हणून हा निर्णय लेबलावर न सोपविता ज्याच्या त्याच्या हातानेच करावा.